छायाचित्रातील गोंगाट, अंकीय

अंकीय कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात मूळ दृश्यात नसलेले, तेजस्वितेचे व रंगाचे जे अनियमित सूक्ष्म चढउतार दिसतात त्यांना गोंगाट म्हणतात. एकसारख्या रंगविलेल्या करड्या भिंतीचे छायाचित्र खूप मोठे करून पाहिल्यास शेजारशेजारचे चित्रबिंदू थोडेथोडे कमीअधिक उजळ आढळतात. हा फरक भिंतीचा नसून नोंदीचा असतो. या संज्ञेचा येथे ध्वनीशी संबंध नाही. दूरध्वनी व रेडिओ यांच्या अभियांत्रिकीत इष्ट संदेशात मिसळणाऱ्या खरखरीला जे नाव होते तेच पुढे प्रकाशाच्या मापनालाही लावले गेले. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘नॉइज’ हा शब्द रूढ असून फिल्मवर काम केलेले जुने लोक त्याला अजूनही ‘ग्रेन’ म्हणतात. हे दुसरे नाव तितकेसे बरोबर नाही. फिल्मवरील कण म्हणजे विकसनानंतर उरलेले चांदीचे प्रत्यक्ष पुंजके होत, तर अंकीय गोंगाट ही मोजणीतील अनिश्चितता होय.

या विषयाचे महत्त्व दिव्यांनी उजळलेल्या स्टुडिओपेक्षा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात अधिक जाणवते. नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात मोडतो. २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य याच परिसरात असून पश्चिमेकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. येथील साग-बांबूच्या जंगलात वाघाच्या हालचाली मुख्यतः पहाटे, तिन्हीसांजेला व रात्री होतात, म्हणजे प्रकाश अगदी अपुरा असतानाच. पर्यटक छायाचित्रकार उघड्या जीपमध्ये बसलेला असल्यामुळे त्याला तिपाई वापरता येत नाही आणि प्राणी चालता असल्यामुळे उद्‌भासनकाल (झडप उघडी राहण्याचा काल) वाढविता येत नाही. वन विभागाचे स्वयंचलित कॅमेरे तर मध्यरात्रीही काम करीत असतात. याच वेळी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारे व मे महिन्यात तेंदूपाने तोडणारे गावकरी भल्या पहाटे जंगलात शिरतात. त्यांच्यापैकी कोणावर हल्ला झाला, तर तो कोणत्या वाघाने केला हे ठरविण्यासाठी पुष्कळदा अशाच अंधूक छायाचित्रांचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे गोंगाट कमी करणे हा या भागात केवळ चित्राच्या देखणेपणाचा प्रश्न राहत नाही.

उगम : कॅमेऱ्यातील संवेदक हा सिलिकॉनचा पातळ तुकडा असून त्यावर लक्षावधी प्रकाशग्राही घटक ओळीने मांडलेले असतात. प्रकाशकण (फोटॉन) घटकावर पडला की, त्यात इलेक्ट्रॉन मुक्त होतो. उद्‌भासन संपल्यावर साठलेल्या इलेक्ट्रॉनांचा विद्युत्‌ भार मोजून त्याचे अंकात रूपांतर करतात. विद्युत्‌ भार एका घटकाकडून दुसऱ्याकडे सरकवीत नेऊन मोजण्याची प्रयुक्ती विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुचविली. त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक घटकापाशीच विवर्धक असलेला निराळा प्रकार वापरतात, पण गोंगाटाची मूळ कारणे दोहोंत सारखीच आहेत.

यांपैकी सर्वांत महत्त्वाचे कारण कॅमेऱ्यात नसून प्रकाशात आहे, ही गोष्ट नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रकाश सलग धारेने येत नाही, तर एकेका कणाच्या स्वरूपात येतो आणि हे कण ठराविक अंतराने येत नाहीत. पावसाच्या पहिल्या सरीत अंगणातल्या दोन शेजारच्या फरशांवर पडलेले थेंब मोजले, तर ते सारखे भरत नाहीत. तसेच हे आहे. अशा मोजणीला फ्रेंच गणितज्ञ स्येमेआँ दनी प्वासाँ (१७८१–१८४०) यांच्या नावाने ओळखला जाणारा वितरणाचा नियम लागू पडतो. त्यानुसार सरासरी मोजणी जितकी, तिच्या वर्गमूळाइतके तिच्यातील चढउतार असतात. वाघाच्या उन्हात उजळलेल्या कुशीवरील एका घटकात १०,००० इलेक्ट्रॉन साठले असतील, तर चढउतार १०० म्हणजे एक टक्का असतो व तो डोळ्यास दिसत नाही. त्याच वाघाच्या पोटाखालील सावलीत १०० इलेक्ट्रॉन साठले, तर चढउतार १० म्हणजे दहा टक्के होतो व तो स्पष्ट दिसतो. म्हणजे गोंगाटाचे परिमाण उजेडात मोठे असूनही संदेशाशी त्याचे प्रमाण अंधारात मोठे असते. हा गोंगाट कोणत्याही उत्तम कॅमेऱ्याने नाहीसा होत नाही. अधिक प्रकाश गोळा करणे हाच त्यावर मुळातला उपाय आहे.

दुसरे कारण वाचनातील गोंगाट हे होय. विद्युत्‌ भार मोजणाऱ्या मंडलात प्रत्येक वाचनाच्या वेळी थोडी चूक होतेच. सध्याच्या चांगल्या कॅमेऱ्यांत ती थोड्याच इलेक्ट्रॉनांइतकी असते. ती ३ इलेक्ट्रॉन धरली आणि एखाद्या घटकात केवळ ९ इलेक्ट्रॉन साठले, तर प्रकाशाचा चढउतार ३ व वाचनाचा ३ मिळून एकूण गोंगाट सु. ४·२ होतो, कारण स्वतंत्र कारणांचे गोंगाट सरळ मिळविले जात नाहीत, तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. येथे संदेश गोंगाटाच्या जेमतेम दुप्पट उरतो. उलट, १०,००० इलेक्ट्रॉनांच्या ठिकाणी या ३ इलेक्ट्रॉनांना काहीच किंमत नसते.

प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मुक्त होत राहतात. या अंधार-प्रवाहाचे मान तापमान दर ६ ते ८° से. वाढले की, साधारणपणे दुप्पट होते. चंद्रपूरकडे मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. त्या वेळी २५° से. च्या मानाने हा प्रवाह सहा ते दहा पट असू शकतो. तथापि एक-दोनशतांश सेकंदाच्या उद्‌भासनात त्याचा उपद्रव जाणवत नाही. तलावावरील ताऱ्यांचे कित्येक सेकंदांचे छायाचित्र घेताना मात्र तो जाणवतो व काही घटक लाल, निळ्या वा पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. याखेरीज संवेदकाच्या निरनिराळ्या स्तंभांतील विवर्धकांत थोडा फरक असल्याने गडद भाग उजळविल्यावर आडवे-उभे पट्टे उमटतात. असा नियमित आकृतिबंध अनियमित कणांपेक्षा डोळ्याला फार लवकर खटकतो.

आयएसओ संवेदिता वाढविल्याने गोंगाट वाढतो, असे सर्रास सांगण्यात येते. हे विधान अर्धेच खरे आहे. संवेदिता वाढविणे म्हणजे मोजलेला संदेश अधिक विवर्धित करणे. त्यामुळे संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशात काहीच बदल होत नाही. संवेदिता १०० वरून ६,४०० केली की, उद्‌भासन ६४ पट कमी दिले जाते. त्यामुळे संदेश-गोंगाट गुणोत्तर वर्गमूळाच्या नियमाने आठपट घटते. दोष कमी प्रकाशाचा असतो आणि नाव संवेदितेचे होते. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. संध्याकाळी वाघ समोर असताना ‘गोंगाट नको’ म्हणून संवेदिता कमी ठेवून काळे छायाचित्र घ्यायचे व ते घरी संगणकावर उजळवायचे, यात लाभ काहीच नसतो व अनेक कॅमेऱ्यांत तोटाच असतो. उजळ भाग पांढरेफटक न होतील इतपत भरपूर उद्‌भासन देणे, हे संस्करणातील कोणत्याही युक्तीपेक्षा श्रेयस्कर होय.

कच्ची नोंद : संवेदकाने मोजलेले अंक जवळजवळ जसेच्या तसे साठविलेल्या नोंदीस रॉ फाइल म्हणतात. तिच्यात बहुधा १४ द्विमान अंक म्हणजे १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला ८ द्विमान अंक म्हणजे केवळ २५६ पायऱ्या मिळतात. शिवाय जेपेग चित्र तयार करतानाच कॅमेरा आपल्या पद्धतीने गोंगाट कमी करतो, कडा धारदार करतो व चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडून त्यांतील बारकावे गाळतो. एकदा गाळलेला बारकावा परत मिळत नाही. कच्च्या नोंदीवर केलेले संस्करण मूळ अंकांना धक्का लावीत नाही. संस्करणाच्या सूचना वेगळ्या साठविल्या जातात आणि दहा वर्षांनी अधिक चांगली पद्धत निघाल्यास त्याच नोंदीवर ती वापरता येते.

कच्च्या नोंदीत रंगीत चित्र तयार नसते. प्रत्येक घटकावर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गालक असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६ मध्ये एकस्व मिळालेल्या मांडणीत निम्मे घटक हिरवे, एक चतुर्थांश तांबडे व एक चतुर्थांश निळे असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या घटकांवरून अंदाजाने भरावे लागतात. या अंतर्वेशनात एका घटकातील चूक आजूबाजूच्या चित्रबिंदूंत पसरते व मूळचे सुटे कण मिळून रंगीत डाग तयार होतात. म्हणून गोंगाटाचे निवारण शक्य तितक्या लवकर, म्हणजे अंतर्वेशनापूर्वी किंवा त्याबरोबरच करणे हितावह असते. ही सोय फक्त कच्च्या नोंदीतच आहे. श्वेत-संतुलन साधताना तांबड्या वा निळ्या अंकांना एकाहून मोठ्या संख्येने गुणावे लागते व त्या पटीत त्यांतील गोंगाटही वाढतो. पिवळ्या दिव्याच्या उजेडात घेतलेल्या चित्राच्या निळ्या भागात सर्वाधिक डाग दिसतात, ते यामुळेच.

निवारणाच्या पद्धती : सर्व पद्धतींचे मूळ तत्त्व एकच असून ते सरासरीचे आहे. एकाच गोष्टीची अनेक मोजमापे घेऊन सरासरी काढली की, अनियमित चुका परस्परांस बऱ्याच अंशी छेदतात. सोळा मापांच्या सरासरीत गोंगाट चौथाई उरतो. प्रश्न एवढाच की, ‘एकच गोष्ट’ कोणती हे कसे ठरवावे ?

दृश्य स्थिर असेल, तर उत्तर सोपे असते. तिपाईवर कॅमेरा ठेवून घोडाझरी तलावाच्या रात्रीच्या काठाची सोळा छायाचित्रे घ्यावीत व संगणकावर एकमेकांवर नीट बसवून त्यांची सरासरी काढावी. येथे बारकावा मुळीच हरवत नाही. ज्योतिषशास्त्रात ही पद्धत नित्याची आहे. तारे सरकत असल्यामुळे आकाश व जमीन यांची जुळवणी वेगवेगळी करावी लागते. उष्णतेमुळे चमकणारे ठिपके काढण्यासाठी भिंग झाकून तितक्याच कालाचे अंधारचित्र घेतात व ते मूळ चित्रातून वजा करतात. मात्र अंधारचित्रातही स्वतःचा अनियमित गोंगाट असल्याने एकच अंधारचित्र वजा करण्याऐवजी अनेकांची सरासरी वजा करणे योग्य ठरते. चालत्या वाघाच्या बाबतीत यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

एकाच छायाचित्रावर भागवायचे असल्यास शेजारच्या चित्रबिंदूंची सरासरी घ्यावी लागते. ते सर्व एकाच पृष्ठाचे नसल्यामुळे येथे अडचण सुरू होते. साध्या सरासरीने कडा पुसट होतात. सरासरीऐवजी क्रमाने लावलेल्या मूल्यांतील मधले मूल्य घेतल्यास सुटे चमकते ठिपके चांगले जातात, पण बारीक केसही त्यांच्याबरोबर जातात. कार्लो तोमासी व रॉबर्टो मंडुची यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या छानकात अंतराने जवळ आणि मूल्यानेही जवळ अशाच चित्रबिंदूंना वजन दिले जाते; त्यामुळे ठळक कडा टिकते. तरंगिका-पद्धतीत चित्र निरनिराळ्या आकारमानांच्या घटकांत विभागून त्यांतील क्षीण घटक शून्याकडे नेतात. डेव्हिड डोनोहो व इयान जॉनस्टोन यांनी १९९४ मध्ये या पद्धतीस भक्कम सांख्यिकीय पाया दिला. प्रकाशाचा गोंगाट तेजस्वितेनुसार बदलत असल्यामुळे या पद्धती सरळ वापरल्यास सावली कमी व उजेड जास्त साफ होतो, किंवा उलट. त्यासाठी आधी अंकांचे वर्गमूळासारखे रूपांतर करून गोंगाट सर्वत्र सारखा करून घेतात. फ्रान्सिस अँस्कोम यांनी हे रूपांतर १९४८ मध्ये, अंकीय कॅमेऱ्याची कल्पनाही नसताना, सुचविले होते.

आंतोनी ब्वादेस, बार्तोमेउ कोल व झाँ-मिशेल मोरेल यांनी २००५ मध्ये वेगळा विचार मांडला. चित्रात एकसारखे तुकडे दूरदूरही असतात : बांबूचे एक पान दुसऱ्या पानासारखे, विटेची एक ओळ दुसऱ्या ओळीसारखी. मग सरासरी शेजाऱ्यांची न घेता सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांची घ्यावी. फिनलंडमधील टाम्पेरे येथील संशोधकांनी २००७ मध्ये असे तुकडे एकत्र रचून त्यांचे सामुदायिक छानन करण्याची रीत विकसित केली व पुढील काही वर्षे इतर पद्धतींची तुलना तिच्याशीच होत असे. ‘डार्कटेबल’ व ‘रॉथेरपी’ या विनामूल्य आज्ञावलींत तरंगिका किंवा तुकड्यांच्या तुलनेवर आधारलेली साधने उपलब्ध असून ‘डार्कटेबल’ मध्ये निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या गोंगाटाची मोजलेली माने संवेदितेनुसार दिलेली आहेत.

प्रत्यक्ष काम करताना तेजस्वितेचा व रंगाचा गोंगाट वेगळा हाताळतात. मानवी डोळा रंगातील बारीक फरकांपेक्षा उजळपणातील बारीक फरक अधिक तीक्ष्णपणे ओळखतो. म्हणून रंगाचे डाग बऱ्याच जोराने पुसले, तरी चित्राची हानी दिसत नाही. तेजस्वितेच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. थोडे कण राहिलेले चित्र खरे वाटते. अतिसाफ केलेल्या चित्रातील वाघ मेणाचा दिसतो. गडद मोकळी पार्श्वभूमी व प्राण्याचे अंग यांवर वेगवेगळ्या मात्रा योजणे उत्तम. कडा धारदार करण्याची क्रिया निवारणानंतर करावी. आधी केल्यास कणच धारदार होतात. रातव्यासारख्या पक्ष्याच्या छायाचित्रात फार सावध राहावे लागते. वाळलेल्या पानांत बेमालूम मिसळणारी त्याची करडी-तपकिरी ठिपकेदार पिसे संगणकाला गोंगाटच वाटतात आणि मात्रा वाढविताच पक्षी मातीच्या ढेकळासारखा गुळगुळीत होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धती : गोंगाटयुक्त व स्वच्छ अशा चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून तंत्रिका-जालास प्रशिक्षण देण्याच्या पद्धती २०१७ च्या सुमारास जुन्या पद्धतींच्या पुढे गेल्या. अंतर्वेशन व निवारण एकत्र करणारे डीएक्सओ कंपनीचे ‘डीपप्राइम’ २०२० मध्ये आणि अडोबच्या ‘लाइटरूम’ मधील ‘डीनॉइज’ २०२३ मध्ये उपलब्ध झाले. पूर्वी टाकून दिली जात अशी ६,४०० किंवा १२,८०० संवेदितेची छायाचित्रे यांमुळे छापण्याजोगी होतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि या साधनांच्या स्वरूपात एक मूलभूत फरक आहे. जुना छानक जे नाही ते उत्पन्न करीत नाही. फार तर जे आहे ते पुसतो. तंत्रिका-जाल मात्र जेथे नोंदीत पुरावा अपुरा असतो, तेथे शिकलेल्या चित्रांवरून संभाव्य पोत भरते. पाहणाऱ्याला तो पोत नैसर्गिक वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा ठरू शकतो.

वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटवितात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, इतकेच नव्हे तर त्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही सारखे नसतात. यासाठी जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर स्वयंचलित कॅमेरे लावण्यात येतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावून सु. ३ कोटी ४८ लक्ष छायाचित्रे मिळविली गेली, त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. संगणकीय आज्ञावली वाघाच्या देहाच्या त्रिमितीय प्रतिमानावर छायाचित्र बसवून पट्ट्यांची तुलना करते व अंतिम निर्णय माणूस डोळ्यांनी पाहून देतो. पट्ट्यांतील दुफाटे, तुटकपणा व बारीक जोडरेषा यांवर ओळख अवलंबून असते. आणि नेमक्या याच गोष्टी जोरदार छाननाने पुसल्या जातात किंवा तंत्रिका-जालाकडून ‘सुधारल्या’ जातात. सर्वसाधारण वाघाचा संभाव्य पट्टा म्हणजे या विशिष्ट वाघाचा पट्टा नव्हे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये मानवी जीवितास धोकादायक झालेल्या वाघाच्या बाबतीत मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार अशा प्राण्याची ओळख आधीच्या छायाचित्रसंग्रहाशी ताडून पाहणे अपेक्षित असते. ओळख चुकली, तर निरपराध प्राणी पकडला जाईल आणि ज्याच्यापासून धोका आहे तो मोहफुलांच्या वाटेवर मोकळा राहील. म्हणून ओळखीसाठी मूळ नोंदच वापरावी. उजळपणा व विरोध वाढविणे आणि मर्यादित साधे छानन एवढेच संस्करण करावे व केलेल्या प्रत्येक क्रियेची लेखी नोंद ठेवावी. तंत्रिका-जालातून काढलेली प्रत प्रदर्शनात लावण्यास हरकत नाही, पण तुलनेच्या टेबलावर ती नसावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. स्वयंचलित कॅमेरे बहुधा जेपेग चित्रेच साठवीत असल्यामुळे त्यांतील गोंगाटाचे निवारण कॅमेऱ्यातच होऊन गेलेले असते. अवरक्त प्रकाशातील रात्रीच्या चित्रांत तर लांब उद्‌भासनामुळे आलेला हलकेपणाचा पुसटपणाही मिसळलेला असतो. अशा चित्रावर पुढे निवारणाचा प्रयोग करण्यात फारसा अर्थ नाही. त्याच कॅमेऱ्याने लागोपाठ घेतलेली दुसरी चित्रे पाहणे अधिक फलदायी ठरते.

छपाईसाठी वा पडद्यावर दाखविण्यासाठी चित्र लहान करताना चार चित्रबिंदूंचा एक केला, तर सुटा गोंगाट आपोआप निम्मा होतो. ६,००० × ४,००० चित्रबिंदूंचे चित्र ३,००० × २,००० केले की असे घडते. ३०० चित्रबिंदू प्रती इंच या दराने छापल्यास ते १० इंच रुंद होते. त्यामुळे पडद्यावर पूर्ण आकारात भयंकर वाटलेले कण नियतकालिकाच्या पानावर पुष्कळदा दिसतही नाहीत. निवारणाची मात्रा ठरविण्यापूर्वी चित्र ज्या आकारात पाहिले जाणार त्याच आकारात ते एकदा पाहून घेण्याचा प्रघात आहे.